घराचे काम काढण्यापूर्वी : सोसायटीच्या परवानगीविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी आटोपली की घरोघरी कामे निघतात आणि आमच्याकडे पत्रांचा ढीग लागतो. तक्रार बहुधा एकच असते : कमिटी अडवते. काही ठिकाणी ती खरोखरच अडवते. पण पुष्कळदा कमिटीपुढे गेलेला अर्ज ‘घराचे रिनोव्हेशन करायचे आहे, तरी परवानगी मिळावी’ एवढाच असतो. त्यावर कोणी काय म्हणून सही करावी?

प्रश्न : मुलुंडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, इमारत १९९६ ची. सगळी फरशी, दोन्ही बाथरूम आणि ओटा बदलायचा आहे. शिवाय हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढायची आहे. सेक्रेटरी म्हणतात, ‘अर्ज द्या, मग बघू.’ अर्जात नेमके काय द्यावे? महापालिकेतही जावे लागते का?
— वाचक, मुलुंड

उत्तर : कामाचे दोन भाग करा, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत. मुंबई महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३४२ मध्ये ‘टेनन्टेबल रिपेअर्स’ची यादी दिली आहे. प्लॅस्टर, रंग, फरशी बदलणे, संडास-बाथरूमची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाईप, नळ, वायरिंग आणि त्यांची फिटिंग्ज बदलणे ही कामे त्यात येतात. त्यांसाठी पालिकेला नोटीस द्यावी लागत नाही. लांबी-रुंदी-उंचीत बदल, भार घेणारी भिंत किंवा बीम-कॉलम काढणे, जमीन खाली घेणे, माळा नव्याने घालणे किंवा वाढवणे हे मात्र त्याच कलमात स्पष्टपणे वगळले आहे. तुमची भिंत साधी पार्टिशन निघाली तरी ‘भिंत काढणे’ दुरुस्तीच्या यादीत नाही. म्हणून आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड सर्व्हेयरमार्फत वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाकडे नोटीस द्या, हाच सुरक्षित रस्ता. नंतर फ्लॅट विकताना हाच कागद उपयोगी पडतो.

सोसायटीची परवानगी मात्र दोन्ही भागांना लागते. समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय फ्लॅटमध्ये वाढ किंवा फेरफार करू नयेत, असे उपविधी (सोसायटीची नियमावली) सांगतात. सोसायटीची एनओसी मिळाली म्हणून पालिकेची परवानगी मिळत नाही, आणि पालिकेची मिळाली म्हणून सोसायटीची सुटत नाही.

अर्जासोबत आजचा नकाशा आणि बदलानंतरचा नकाशा जोडा, दोन्ही मापांसह. पाडायचा भाग पिवळ्या रंगात, नवीन काम लाल रंगात दाखवा. पालिकेच्या नकाशांतही हीच पद्धत असते. मग खोलीनुसार कामाची यादी : कुठली फरशी निघणार, नवी किती जाडीची, खाली वाळू-सिमेंटचा थर किती, कुठला पाईप कुठून कुठे जाणार. कंत्राटदाराचे नाव, कामगारांची ओळखपत्रे, कामाची सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा. शेवटी हमीपत्र : गळती झाली किंवा सामायिक भागाचे नुकसान झाले तर दुरुस्ती माझ्या खर्चाने.

भिंतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र हवे, आणि ते घरी येऊन पाहिल्यावरच दिलेले असावे. ‘भिंत भारवाही नाही’ या एका ओळीवर समाधान मानू नका. पत्रात भिंतीची जाडी, वर बीम आहे का आणि तो कुठल्या कॉलमपासून कुठल्या कॉलमपर्यंत जातो, भिंतीत पाईप आहेत का, हे यायला हवे. तुमच्या काळातल्या आरसीसी इमारतींत आतली भिंत बहुधा साडेचार इंची विटेची असते, प्लॅस्टर धरून सहा इंचांच्या आसपास. मुंबईतल्या १९६०-७० च्या दशकांतल्या काही बैठ्या किंवा तीन-चार मजली इमारती मात्र लोडबेअरिंग आहेत. तिथे नऊ इंची भिंतीवरच वरचा स्लॅब टेकलेला असतो, आणि ती भिंत प्रत्येक मजल्यावर एकावर एक येते. अशा भिंतीला हात लावायचा नाही.

एक गोष्ट बरेच मिस्त्री सांगत नाहीत. कागदावर भिंत भार घेत नसली, तरी पंचवीस-तीस वर्षांत वरचा बीम थोडा वाकून तिच्यावर टेकलेला असू शकतो. भिंत काढली की तो आणखी किंचित खाली बसतो आणि वरच्या मजल्यावर फरशीला तडे जातात. मग भांडण सुरू होते. म्हणून भिंत वरून खाली, छन्नी-हातोड्याने, थराथराने उतरवायची. ब्रेकर मशीन लावायचे नाही. काम सुरू होण्याआधी वरच्या आणि खालच्या घरातल्या भिंती-छतांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. ते तुमच्याच बाजूचा पुरावा असतात.

इमारत १५ वर्षांवरची झाली की आदर्श उपविधींनुसार दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. शेवटच्या ऑडिटचा अहवाल कमिटीकडे मागा आणि तुमच्या इंजिनिअरला दाखवा. तुमच्या मजल्यावरच्या कॉलमच्या सळ्या गंजल्याची नोंद त्यात असेल, तर आधी त्याची दुरुस्ती, मग तुमची भिंत.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. सेक्रेटरींच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे.

प्रश्न : जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवायची आहे. फोडाफोड नाही, आवाज नाही, कचरा नाही. तरी कमिटी ‘वजन वाढते’ म्हणून नकार देते. हा हटवादीपणा नाही का?
— वाचक, ठाणे

उत्तर : पूर्णपणे नाही. आकडे मांडून पाहा. राहत्या घराच्या जमिनीवर माणसे आणि सामान यांचे मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन येईल, असे आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचे भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात धरलेले असते. १० मिलिमीटर व्हिट्रिफाइड टाइल चौरस मीटरला साधारण २४ किलो भरते. ती टाइल-अॅडहेसिव्हच्या ४ मिलिमीटर थरावर बसवली तर एकूण भर सुमारे ३० किलो. पण तुमच्या गवंड्याने सवयीप्रमाणे ४० मिलिमीटर वाळू-सिमेंटचा थर टाकला, तर तीच भर १०० किलोंवर जाते. ६०० चौरस फुटांच्या घरात पहिल्या प्रकारे पावणेदोन टनांच्या आसपास वजन चढते, दुसऱ्या प्रकारे जवळजवळ सहा टन. एका घराने केले की वरचे-खालचेही करतात, आणि हे सगळे शेवटी त्याच कॉलममधून इमारतीच्या पायात उतरते.

तेव्हा अर्जात ‘फक्त अॅडहेसिव्ह, थर ३ ते ५ मिलिमीटर, सिमेंट-वाळू नाही’ असे लिहून द्या आणि कमिटीच्या माणसाला काम चालू असताना पाहू द्या. याआधी एकदा फरशीवर फरशी झालेली असेल, तर मात्र कमिटी बरोबर आहे. जुने दोन्ही थर काढा. बसवण्याआधी जुनी फरशी लाकडी दांड्याने ठोकून पाहा. पोकळ वाजेल ती काढलीच पाहिजे, नाहीतर नवी तिच्यासकट उचलते. दरवाजे खालून दीड सेंटिमीटर रंधून घ्यावे लागतील. बाथरूमचा उंबरठा हॉलपेक्षा खाली जाणार नाही ना, हे आधी मोजा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही जुना फ्लॅट घेतला. आधीच्या मालकाने फ्लॉवर बेड बेडरूममध्ये घेऊन खिडकी पुढे सरकवली आहे. आता ती खिडकी गळते म्हणून बदलायची आहे. कमिटी म्हणते, ‘आधी फ्लॉवर बेड पूर्ववत करा.’ आम्ही तर काहीच केलेले नाही!
— वाचक, बोरिवली

उत्तर : हे दुखणे मुंबईत फार आहे. जानेवारी २०१२ पर्यंत फ्लॉवर बेड, बाल्कनी, निश (कोनाडा) यांसारख्या जागा एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर मंजूर असलेल्या बांधकाम क्षेत्रात, धरत नसत. म्हणून बिल्डरांनी खिडकीबाहेर त्या सढळ हाताने काढल्या आणि घेणाऱ्यांनी आत ओढल्या. ती जागा आत घेणे म्हणजे मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम. त्याला हो म्हणणे सोसायटीच्या हातात नाही, सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव झाला तरी नाही. आणि पालिकेची नोटीस येते ती आजच्या मालकाला. काम कोणी केले हा प्रश्न तुमच्यात आणि विकणाऱ्यात उरतो.

सुरक्षिततेची बाजू अधिक काळजीची आहे. फ्लॉवर बेडचा स्लॅब भिंतीबाहेर लोंबता असतो. खोलीच्या जमिनीपेक्षा तो खाली असल्याने लेव्हल मिळवायला त्यात विटांचे तुकडे भरतात. नऊ इंच भर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० किलो, राहत्या खोलीसाठी धरलेल्या वजनाच्या दुप्पट. त्यावर फरशी, टोकाला भिंत आणि काच. खिडकी गळते याचे कारण फक्त सिलिकॉन गेले एवढेच असेल असे समजू नका. लोंबता स्लॅब किंचित झुकला की चौकट आणि भिंत यांत फट पडते, आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा उघडते.

आधी इंजिनिअरला बोलावून, आतली थोडी भर बाजूला करून स्लॅबची वरची आणि खालची बाजू तपासा : मुळाशी, म्हणजे जिथे तो बीमला जोडला आहे तिथे वरच्या अंगाला तडे आहेत का, खालून सळई उघडी पडली आहे का. तडे असतील तर आतली भर त्याच आठवड्यात काढा. मग पूर्ववत करण्याचा नकाशा जोडून खिडकी मूळ जागी बसवण्याची परवानगी मागा. ती नाकारायला कमिटीकडे कारण उरत नाही.

प्रश्न : सर्वांत वरच्या मजल्यावर आमच्या फ्लॅटला लागून टेरेस आहे. त्यावर पॉलिकार्बोनेटचे शेड घालायचे आहे. चेअरमनसाहेबांनी हो म्हटले आहे. एवढे पुरेसे आहे ना?
— वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. आधी तुमची ‘सोसायटी’ खरोखर सोसायटी आहे का ते पाहा. पुण्यात अपार्टमेंटलाही सर्रास सोसायटीच म्हणतात. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्था. ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट, १९७० लागू. हा कायदा या बाबतीत जास्त कडक आहे. इमारतीच्या मजबुतीला धोका पोहोचवणारे किंवा नव्या बांधकामाची भर घालणारे काम करायचे, तर बाकीच्या सर्व अपार्टमेंटधारकांची एकमुखी संमती लागते. शिवाय ‘डिक्लेरेशन’मध्ये (इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रात) तुमची टेरेस फक्त तुमच्या वापराची म्हणून नोंदलेली आहे की सामायिक, हे वाचा. संमती मिळाली तरी पुणे महापालिकेची परवानगी वेगळी. चेअरमनसाहेबांचे तोंडी ‘हो’ यांपैकी कशाचीच जागा घेत नाही.

प्रश्न : नव्या टॉवरमध्ये ताबा मिळून आठ महिने झाले. सोसायटी अजून स्थापन झालेली नाही. टीव्हीमागे वायर लपवायला भिंतीत झिरी मारायची आहे आणि स्वयंपाकघरात चिमणीसाठी भोक पाडायचे आहे. बिल्डरचा साइट इंजिनिअर ‘मायव्हान आहे, चालणार नाही’ म्हणतो. म्हणजे काय?
— वाचक, पनवेल

उत्तर : म्हणजे तुमच्या घरात विटेची भिंत जवळजवळ नाही. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले असतात. बेडरूम आणि हॉल यांच्यामधली भिंतही सळयांची आणि भार घेणारी. झिरी मारली तर दोन-अडीच सेंटिमीटरवर सळई लागते. तो इंजिनिअर बरोबर सांगतो.

फोटो, कपाट, टीव्ही यांसाठी ८-१० मिलिमीटरचे ड्रिल चालते. आत सळई लागली तर भोक बाजूला सरकवा, सळई कापू नका. वायरसाठी टीव्हीमागे प्लायवूडचे पॅनल घ्या किंवा फॉल्स सीलिंगमधून न्या. चिमणीचा पाईप खिडकीच्या काचेच्या पट्टीतून काढा. काँक्रीटमधून काढायचाच असेल तर सळई शोधणाऱ्या यंत्राने तपासून, इंजिनिअरच्या लेखी सूचनेवरून कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक कापणे). हातोड्याने मुळीच नाही.

आणखी एक. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुम्ही बाथरूम फोडून नवे केले की त्यानंतरच्या प्रत्येक ओलीचे खापर तो तुमच्या प्लंबरवर फोडणार. या पाच वर्षांत बाथरूमला हात न लावणे शहाणपणाचे. लावायचाच असेल तर आधीची स्थिती फोटोंसह ईमेलने बिल्डरला कळवून ठेवा.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी परवानगी घेऊन बाथरूम केले. आता खालच्या घरात छताला ओल आली आहे. कंत्राटदार म्हणतो, ‘वॉटरप्रूफिंग केले होते.’ पुन्हा फोडायचे आहे. या वेळी परवानगीत काय घालून घ्यावे?
— वाचक, नाशिक

उत्तर : ‘वॉटरप्रूफिंग केले’ याला अर्थ नाही. पाणी भरून तपासले का, ते विचारा. एनओसीमध्येच दोन चाचण्या लिहून घ्या.

जुना कोबा (विटांच्या तुकड्यांची भर) पूर्ण काढून सनकन स्लॅब, म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब, साफ करा. इथेच पहिली चूक होते : ब्रेकरने स्लॅबचे कवच फुटते आणि खालच्या घराचे प्लॅस्टर सैल होते. छन्नीने काढा. पाईप जिथे भिंत किंवा स्लॅब ओलांडतात तिथली भोके न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, नुसत्या सिमेंटने नव्हे. नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा सर्वांत जास्त दगा देतो. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) करा, मग पॉलिमर कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे, भिंतीवर तयार जमिनीच्या वर एक फूट आणि शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत. कोटिंग सुकल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवा, पाण्याच्या पातळीची भिंतीवर खूण करा. खालच्या घरात जाऊन छत पाहा, खालच्या सभासदाची सही घ्या. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, ट्रॅपकडे उतार साधारण ८० ला १. त्यावर पुन्हा ४८ तास पाणी. ही दुसरी चाचणी वेळ वाचवायला सगळेच टाळतात. शेवटी टाइल. भिंतीतल्या नळाच्या पाईपची दाब-चाचणी भिंत बुजवण्यापूर्वी करा.

एवढे करूनही गळते, याचे नेहमीचे कारण नंतर येणारा माणूस. गीझर, टॉवेल रॉड, काचेचे पार्टिशन बसवणारा तयार टाइलमधून कोटिंगपर्यंत भोके पाडतो. ही भोके कुठे येणार ते आधी ठरवा आणि सिलिकॉन भरून मगच स्क्रू घाला.

प्रश्न : काम सुरू करण्याआधी कमिटी ५०,००० रुपये अनामत आणि लिफ्टसाठी रोज ५०० रुपये मागते. द्यावेत का?
— वाचिका, दादर

उत्तर : सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा म्हणा. ठराव असेल, सर्वांना सारखा लागू असेल आणि अनामतीची पावती ‘परत करण्यायोग्य’ अशी मिळत असेल, तर भरा. चेअरमनने मनाने ठरवलेला आकडा भरू नका. न परतणारी ‘रिनोव्हेशन फी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ एनओसीच्या बदल्यात मागितली, तर लेखी मागणी घ्या आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

लिफ्टचा मुद्दा मात्र समजून घ्या. १०० चौरस फुटांच्या एका खोलीची फरशी आणि खालचा थर निघाला की सव्वा टनाच्या आसपास डेब्रिज होते, म्हणजे ३० किलोची चाळीसेक पोती. ती प्रवासी लिफ्टमधून नेली की दाराच्या खाचेत वाळू जाते आणि दार अडकू लागते. पैशाऐवजी ‘डेब्रिज जिन्याने उतरवेन, पोती त्याच दिवशी उचलली जातील’ असे हमीपत्रात देऊन पाहा. बहुतेक कमिट्या दराचा आग्रह सोडतात.

प्रश्न : बेडरूममध्ये जादा टॉयलेट काढता येईल का?
— वाचक, कल्याण

उत्तर : खाली कोणाची तरी बेडरूम किंवा स्वयंपाकघर आहे, आणि तुमच्या बेडरूमचा स्लॅब सनकन नाही. उतार मिळवायला जमीन आठ-नऊ इंच उचलावी लागेल, वजन वाढेल, आणि मैल्याचा पाईप डक्टपर्यंत लांब न्यावा लागेल. कमिटीने नकार दिला तर आम्ही कमिटीच्या बाजूने. आणि झालेच, तर पाणीपट्टीही वाढते. उपविधींत ती फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटली जाते.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी. एका सभासदाने परवानगी न घेता काम सुरू केले आणि बीमचा खालचा भाग फोडला आहे. पाणी तोडावे, अशी कमिटीतल्या काहींची सूचना आहे. दंड घेऊन नंतर परवानगी द्यावी, असे इतर म्हणतात.
— सेक्रेटरी, ठाणे

उत्तर : दोन्ही सूचना बाजूला ठेवा. पाणी तोडण्याचा अधिकार सोसायटीला नाही, आणि ते केले तर तक्रारदार तो होतो, तुम्ही आरोपी. दंड घेऊन दिलेल्या परवानगीने फोडलेला बीम भरून येत नाही. उलट पुढे काही झाले तर तुमची सही त्या कागदावर असते.

आज काम थांबवण्याची लेखी नोटीस द्या, घेतली नाही तर दारावर चिकटवून फोटो काढा. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. ऐकत नसेल तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा करून मनाईचा तात्पुरता आदेश मागा.

पण याच्याही आधी, शक्य असेल तर आज दुपारपर्यंत, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून बीमखाली लोखंडी टेकू लावून घ्या. टेकू फक्त त्याच मजल्यावर लावले तर तो भार खालच्या स्लॅबवर जाऊन थांबतो. म्हणून त्याच रेषेत खालच्या मजल्यांवरही टेकू लागतात, किती मजले ते इंजिनिअर सांगेल. म्हणजे ज्यांचा काही संबंध नाही अशांच्या हॉलमध्ये पाईप उभे राहणार. त्यांना तसे लेखी कळवा, आणि टेकू, इंजिनिअर व दुरुस्ती यांचा खर्च संबंधित सभासदाकडून वसूल करण्याचा निर्णय समितीच्या इतिवृत्तात त्याच दिवशी नोंदवा.